जुन्या मासेमारी आमिषांचा संग्रह

जुन्या मासेमारी आमिषांचा संग्रह म्हणजे गळाने मासे पकडण्यासाठी पूर्वी तयार केलेली कृत्रिम आमिषे, अर्थात ल्यूर, मिळवणे, ओळखणे, जतन करणे व त्यांची किंमत ठरवणे हा छंद होय. लाकूड, धातू, रबर, पिसे किंवा प्लॅस्टिक यांपासून बनवलेल्या या वस्तू लहान मासा, बेडूक, उंदीर अथवा कीटक यांचा भास निर्माण करतात. हा छंद प्रामुख्याने अमेरिकेत वाढला, कारण कारखान्यात बनलेल्या आमिषांचा सर्वांत मोठा उद्योग तेथेच उभा राहिला. या छंदात आमिषाचे मोल केवळ त्याच्या वयावर ठरत नाही. मूळ रंग, मूळ जोडणी व मूळ खोका किती शाबूत आहे, याला अधिक महत्त्व असते.

इतिहास

अमेरिकेत कृत्रिम आमिषांच्या व्यापारी उत्पादनाचा आरंभ सामान्यतः ज्युलिओ बुएल याच्या नावाशी जोडला जातो. जेवताना त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला आणि त्यावर मासा झडप घालताना त्याला दिसला, अशी आख्यायिका आहे. चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषासाठी त्याला १८५२ मध्ये एकस्व मिळाले. ओहायो राज्यातील पेन्सव्हिल येथील रायली हॅस्केल याने १८५९ मध्ये माशाच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचे एकस्व घेतले. या आमिषाचा शेपटीकडचा भाग पाण्यात फिरत असे.

लाकडी आमिषांच्या इतिहासात मिशिगन राज्यातील डोवाजिॲक येथील जेम्स हेडन याचे स्थान मोठे आहे. हेडन हा व्यवसायाने मधमाशीपालक होता. फावल्या वेळात कोरलेला लाकडाचा तुकडा त्याने तळ्यात टाकला व त्यावर बास जातीच्या माशाने उसळी घेतली, अशी कथा सांगितली जाते. त्याने हाताने कोरलेले लाकडी बेडूक आज अत्यंत दुर्मीळ मानले जातात. १९०२ मध्ये त्याला लाकडी आमिषाचे एकस्व मिळाले. पुढे त्याच्या मुलांनी हा व्यवसाय वाढवला.

याच काळात ओहायोतील ॲक्रन येथील फ्लुगर, मिशिगनमधील कॅलमझू येथील शेक्सपिअर, तसेच इंडियाना राज्यातील साउथ बेंड व क्रीक चब या कंपन्या नावारूपाला आल्या. हेडनसह या पाच उत्पादकांना संग्राहक ‘पाच मोठे’ असे संबोधतात. गॅरेट येथील क्रीक चब कंपनीने आमिषाच्या तोंडाशी धातूची पट्टी बसवून त्याला जिवंत माशासारखी वळवळ दिली आणि जाळीदार कापडातून रंग फवारून खवल्यांचा भास निर्माण केला. जॉर्ज पेरी याने २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात पकडलेला २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ बास याच कंपनीच्या आमिषाला लागला होता. हा विक्रम पुढे अनेक दशके अबाधित राहिला. या घटनेमुळे क्रीक चबच्या त्या काळातील आमिषांना आजही विशेष मागणी आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्लॅस्टिकने लाकडाची जागा बऱ्याच अंशी घेतली आणि लाकडी आमिषे संग्रहाचा विषय बनू लागली. १९७६ मध्ये अमेरिकेत नॅशनल फिशिंग ल्यूर कलेक्टर्स क्लब ही संस्था स्थापन झाली. तिच्यामुळे प्रदर्शने, अदलाबदल व दर्जामापन यांना शिस्त लाभली.

ओळख व कालनिर्णय

आमिषाचा काळ ठरवताना पुढील खुणा पाहिल्या जातात :

डोळे : आरंभीच्या काही आमिषांना डोळे नसतात किंवा ते केवळ रंगवलेले असतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या दर्जेदार लाकडी आमिषांना बहुधा काचेचे डोळे आढळतात. नंतर पुन्हा रंगवलेले डोळे रूढ झाले. त्यामुळे रंगवलेला डोळा एकट्याने काहीच सिद्ध करीत नाही.

गळाची जोडणी : हेडनच्या आमिषांत ही खूण सर्वांत उपयुक्त ठरते. आधी लाकडात थेट बसवलेला आकडा, मग वाटीसारख्या खोलगट भागातील आकडा, नंतर इंग्रजी एल अक्षरासारखी जोडणी, पुढे दोन तुकड्यांची आणि शेवटी पृष्ठभागावर बसवलेली जोडणी, असा क्रम साधारणतः आढळतो.

नाव व अंक : फिरकीचे पाते, तोंडाची पट्टी किंवा पोटाची बाजू यांवर कंपनीचे नाव असू शकते. क्रीक चबच्या पट्टीवर १९२० मधील एकस्वाची तारीख आढळते. ही तारीख एकस्वाची आहे, उत्पादनाची नव्हे. तोच ठसा पुढे अनेक वर्षे वापरला गेल्याने नवशिके संग्राहक येथे हमखास फसतात.

खोका : हेडनच्या आरंभीच्या काही आमिषांसोबत सरकत्या झाकणाची लाकडी पेटी मिळे. नंतर पुठ्ठ्याचे खोके आले. खोक्यावरील अनुक्रमांक आमिषाचा प्रकार व रंग दर्शवतो. तो आतील वस्तूशी जुळतो की नाही, हे तपासावे लागते.

मूल्यनिर्धारण

किंमत मुख्यतः दुर्मीळता, स्थिती, रंग, खोका व मागणी यांवर अवलंबून असते. लाखोंच्या संख्येने विकले गेलेले आमिष शंभर वर्षांचे असले तरी स्वस्त असू शकते. उलट अल्पकाळ बनलेला अथवा खास मागणीवरून रंगवलेला नमुना तुलनेने नवा असूनही महाग ठरतो. एकाच प्रकारच्या दोन आमिषांत केवळ रंगछटेमुळे किमतीचा मोठा फरक पडतो.

स्थितीसाठी १ ते १० अशी श्रेणी प्रचलित आहे. न वापरलेले, मूळ खोक्यातील आमिष सर्वोच्च श्रेणीत येते. रंगाचे टवके, वार्निशच्या भेगा, गळांनी पडलेले ओरखडे व गंज यांनुसार श्रेणी उतरत जाते. पुन्हा रंगवलेले आमिष तळाशी गणले जाते. वरच्या श्रेणींतील एका पायरीचा फरकही किंमत लक्षणीय बदलतो. मूळ खोका कित्येकदा आमिषाइतकाच मोलाचा असतो. रिकाम्या खोक्यांचीही खरेदी-विक्री होते.

हॅस्केलच्या तांब्याच्या मोठ्या आकाराच्या आमिषाचा एक नमुना २००३ मध्ये अमेरिकेतील लिलावात १,०१,२०० डॉलरला विकला गेला. मात्र असा भाव हा अपवाद आहे. विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष व्यवहार झालेली किंमत यांत अंतर असते. म्हणून अनुभवी संग्राहक पूर्ण झालेल्या विक्रीचीच नोंद प्रमाण मानतात. छापील किंमतपुस्तिका ओळखीसाठी उपयुक्त असल्या तरी त्यांतील आकडे लवकर जुने होतात. इंटरनेटवरील लिलावांमुळे दुर्मीळ समजली जाणारी काही आमिषे मुबलक असल्याचे उघड झाले आणि त्यांचे भाव उतरले.

नकली व पुन्हा रंगवलेली आमिषे

भाव वाढताच नक्कलही वाढली. साध्या आमिषावर दुर्मीळ रंग चढवणे, एका आमिषाचे सुटे भाग दुसऱ्याला लावणे, खोक्याची नवी प्रत छापणे, हे नेहमीचे प्रकार होत. अतिनील प्रकाशात नवा रंग अनेकदा जुन्या रंगापेक्षा वेगळा चमकतो. परंतु ही एकच चाचणी निर्णायक मानली जात नाही. खऱ्या वापराचे ओरखडे गळ जेथवर पोहोचतो तेथे कमानीसारखे उमटतात. ते भलत्याच ठिकाणी असल्यास संशय घेतला जातो. डागडुजी करणे गैर नाही. ती लपवून विकणे ही फसवणूक ठरते.

जतन

सर्वाधिक हानी बहुधा सद्हेतूने होते. आजोबांच्या पेटीत सापडलेली आमिषे घासून, वार्निश लावून किंवा नवे गळ बसवून चकचकीत केली जातात आणि त्यांच्या वयाचा व अस्सलपणाचा पुरावा कायमचा पुसला जातो. तज्ज्ञांकडून तपासणी होईपर्यंत मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकण्यापलीकडे काही करू नये, असा संकेत आहे. थेट ऊन, दमट हवा व तापमानातील मोठे चढउतार टाळले जातात. मऊ प्लॅस्टिकच्या आधुनिक अळ्या जुन्या आमिषांना चिकटल्यास त्यांतील द्रव्यामुळे रंग विरघळतो. आरंभीच्या काही प्लॅस्टिकचे कालांतराने विघटन होते व त्यातून निघणारी वाफ शेजारच्या धातूला गंजवते. म्हणून अशी आमिषे वेगळी ठेवली जातात. वस्तू कोठून व कोणाकडून मिळाली याची लेखी नोंदही जतनाचाच भाग मानली जाते.

भारतातील संदर्भ

ब्रिटिश काळात भारतातील नद्यांत महसीर मासा पकडण्यासाठी धातूचे चमचे व कृत्रिम मासे वापरले जात. हेन्री सलिव्हन थॉमस यांचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ मध्ये निघाला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ मध्ये ए. सेंट जे. मॅकडोनल्ड यांचा महसीरच्या मासेमारीवरील ग्रंथ प्रकाशित केला. त्या काळातील साधने ओळखण्यासाठी असे ग्रंथ उपयोगी पडतात.