शीवचा वॉर्ड आणि पाळण्यातले मृत्यू

२७ नोव्हेंबर १९८९ रोजी मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ही तारीख सहसा आरंभ म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात त्यामागे दहा-बारा वर्षांचा शोध होता. धारावीला लागून असलेल्या या रुग्णालयात नवजात विभाग सांभाळताना डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांना एक विसंगती खुपत होती. उपचार चालू असूनही अपुऱ्या दिवसांची बाळे जंतुसंसर्गाने दगावत होती, आणि संशयाची सुई बाटलीतल्या भुकटीच्या दुधाकडे वळत होती. त्यांनी बाटली बंद करून आयांनाच वॉर्डात आणले. ज्यांच्या आईला दूध देणे शक्य नव्हते, त्या बाळांसाठी पुढे पेढी आली. दान मिळालेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून निर्जंतुक करायचे आणि गोठवून ठेवायचे, ही तिची पद्धत.

त्याच काळात न्यूझीलंडमध्ये वेगळ्या प्रकारचे मृत्यू मोजले जात होते. रात्री धडधाकट असलेले बाळ सकाळी पाळण्यात मृत आढळे आणि शवविच्छेदनातही कारण सापडत नसे. अशा मृत्यूंना १९६९ साली सिएटलच्या परिषदेत ‘आकस्मिक शिशुमृत्यू’ अशी स्वतंत्र व्याख्या मिळाली होती. १९८७ ते १९९० या काळात एडवर्ड मिचेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून टाळता येण्याजोगे तीन धोके पुढे आले: बाळाला पालथे निजवणे, आईचे धूम्रपान आणि स्तनपानाचा अभाव.

पालथे निजवण्याची कथा शीवच्या बाटलीशी विलक्षण जुळते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पालथे ठेवल्यास श्वास सुधारतो, हे वॉर्डातले निरीक्षण खरे होते. पण तेच पुढे सुदृढ बाळांनाही लागू केले गेले. या सल्ल्याच्या धोक्याचा पुरावा १९७० पर्यंत हाती आला होता. तो वेळीच एकत्र पाहिला असता, तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलेशियात किमान ५०,००० बाळे वाचली असती, असा अंदाज २००५ मध्ये रूथ गिल्बर्ट व सहकाऱ्यांनी मांडला. दोन्ही ठिकाणी धोका रुग्णालयाच्या सद्हेतूतूनच आला होता. अडाणी आईला दोष देण्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला हे ऐकणे जड जाते.

बाळाला उताणे निजवण्याची मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ च्या अखेरीस सुरू झाली आणि मृत्यू झपाट्याने घटले. दुधाचा मुद्दा मात्र मागे पडला. स्तनपान करणाऱ्या आया बहुधा अधिक शिकलेल्या आणि धूम्रपान न करणाऱ्या असतात. मग श्रेय दुधाचे की घराचे? हा आक्षेप रास्त होता. २०११ मध्ये फर्न हॉक व सहकाऱ्यांनी १८ अभ्यास एकत्र तपासले. इतर घटकांचा हिशेब करूनही अंगावर पिणाऱ्या बाळांत हा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसला. एक कारण संसर्गापासूनचे संरक्षण असावे. दुसरे असे की दोन-तीन महिन्यांची अंगावरची बाळे झोपेतून लवकर जागी होतात, आणि असे मृत्यू सर्वाधिक होतात ते दोन ते चार महिन्यांच्या वयात.

भारतात या मृत्यूंचा नीट हिशेब नाही. शवविच्छेदनाशिवाय हे निदान होत नाही, आणि तान्ह्या बाळाचे शवविच्छेदन आपल्याकडे विरळाच. तरी भुकटीच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आपण १९९२ मध्येच केला. त्यामागच्या चळवळीतील ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाली होती.

२०१७ मध्ये आणखी एक विश्लेषण आले: किमान दोन महिने स्तनपान केल्यास धोका जवळजवळ निम्मा होतो, आणि जोडीला वरचे दूध दिले तरी हा लाभ टिकतो. ज्या आईचे दूध अपुरे पडते, तिच्यासाठी यात मोठा दिलासा आहे. त्याच वर्षी भारतात प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. ती नोकरदार स्त्रियांना मिळते. धारावीतून घरकामाला जाणाऱ्या बाईला मिळत नाही.