सिरपाचं सरबत

महाबळेश्वरहून पुण्याला परतताना गाडीच्या डिकीत स्ट्रॉबेरीचे दोन-तीन खोके असतातच. पसरणीचा घाट उतरून, खंबाटकी ओलांडून घरी पोचेपर्यंत खालच्या थरातली फळं दबून पाणी सोडायला लागतात. शेजारी द्यायच्या लायकीची ती उरत नाहीत आणि टाकून द्यायला जीव होत नाही. आमच्या घरी सिरप सुरू झालं ते या दबलेल्या फळांमुळे. हौस नंतर आली.

‘सिरप’ हा शब्द मात्र घरात त्याआधीपासून होता, तो खोकल्याच्या बाटलीवर. औषधाशी त्याचं नातं जुनंच आहे. अरबीत ‘शरिबा’ म्हणजे प्यायला. त्या धातूपासून ‘शराब’ झाला, म्हणजे पेय. अरबी वैद्य फळांच्या रसात साखर शिजवून औषधं करत, त्यांनाही शराबच म्हणत. हे वैद्यक लॅटिनमध्ये गेलं तेव्हा ‘शराब’चा ‘सिरुपुस’ झाला, पुढे इंग्रजीत ‘सिरप’. त्याच धातूचा ‘शर्बत’ फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला आणि मराठीत ‘सरबत’ होऊन बसला. तिसरं भावंड, शराब, आपल्याकडे दारू होऊन बदनाम झालं. म्हणजे ‘सिरपाचं सरबत कर’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा शेकडो वर्षांपूर्वी वेगवेगळ्या वाटांना लागलेल्या दोन बहिणी एकाच पेल्यात भेटतात. आपला स्वतःचा शब्द होता ‘पानक’. तो पन्ह्यात टिकला, पण त्याचं राज्य कैरीपुरतंच उरलं.

फळाची कथाही अशीच चुकामुकीची. आमेदे फ्रेझिये हा फ्रेंच लष्करी अभियंता 1714 मध्ये चिलीहून मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची पाच रोपं जगवून घेऊन आला. फळ धरलेली रोपंच त्यानं निवडली होती, म्हणून ती सगळी मादी निघाली. नर नसल्यानं फ्रान्समध्ये ती फळेनात. पुढे शेजारी उत्तर अमेरिकेतली व्हर्जिनियाची जात लावली गेली, तिच्या परागांनी काम केलं, आणि दोन्हींच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी उतरली. हा संकर कुणाकुणाचा, ते अंत्वान दुशेननं 1766 मध्ये सांगितलं. इंग्रजांनी महाबळेश्वरला थंड हवेचं ठाणं वसवलं, त्यांच्याबरोबर हे फळ तिथे पोचलं. 1959 मध्ये किशोर वोरांनी पाचगणीत त्याचा जॅम करायला घेतला. तोच ‘मॅप्रो’ कंपनीचा आरंभ. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आता स्वयंपाकघरात. फळं आधी धुवायची, हिरव्या टोप्या मग काढायच्या. उलट केलं तर देठाच्या खळग्यातून पाणी आत शिरतं. चिरून थोडी साखर भुरभुरून दोन-तीन तास ठेवली की साखरच रस ओढून काढते. मंद आचेवर जेमतेम गरम करून मलमलीतून गाळायचं. फडकं पिळायचा मोह आवरावा, नाहीतर सिरप गढूळ होतं. रसाच्या एका वाटीला, आधी भुरभुरलेली धरून, दोन वाट्या साखर आणि लिंबाचा रस. साखर विरघळली की गॅस बंद.

दोन वाट्या ऐकून पाहुण्या दचकतात. पण साखर इथे गोडीपेक्षा पहाऱ्यासाठी आहे. शंभर भागांत साधारण 65 भाग साखर झाली की ती पाणी असं धरून बसते की बुरशीला प्यायला उरत नाही. 1955 च्या फळ-उत्पादन आदेशातही फ्रूट सिरपला हाच आकडा होता, सोबत किमान 25 टक्के रस. स्क्वॅशला 40 चालत, क्रशला 55. तार येईपर्यंत आटवायचं मात्र नाही. पाण्यात साखर मुरायलाही मर्यादा असते. ती ओलांडली की फ्रिजमधल्या बाटलीच्या तळाशी खडीसाखर जमते. लिंबू इथे दोन कामं करतं: साखरेचे दोन तुकडे पाडून खडे धरू देत नाही, आणि लाल रंग सांभाळतं. आच लांबली की तोच रंग विटकरी होतो. बाजारच्या बाटल्यांइतकं लालभडक घरचं सिरप दिसत नाही, आणि मला ते तसंच आवडतं. टिकण्यासाठी मात्र घरच्या साखरेवर फार विसंबू नये. बाटली फ्रिजमध्येच ठेवावी.

फडक्यात उरलेला चोथा आमच्याकडे फेकत नाहीत. तो साखरेत आटवला की पोळीला लावायला होतो. मुलं त्याला जॅम म्हणतात, आजी मुरंबा म्हणते. तोही अरबीच: मुरब्बा, म्हणजे जोपासलेला.