मोहाची पारख

बुऱ्हाणपुरात दारूपायी दोन मुघल शहजादे गेले. अकबराचा मुलगा दानियाल १६०५ मध्ये आणि जहांगीरचा मुलगा परवेझ १६२६ मध्ये. दानियालची हकीकत खुद्द जहांगीरने आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. बापाने दारू तोडली, खानखानान अब्दुल रहीमला लक्ष ठेवायला सांगितलं, तरी शहजाद्याने वाट काढलीच. त्याची एक लाडकी बंदूक होती. तिच्या नळीत दुबार गाळलेली कडक दारू भरून नोकराने ती आत पोचवली. नळीतला गंज आणि बारुदीची काजळी त्या दारूत उतरली. ती पिऊन दानियालने जे अंथरूण धरलं, त्यातून तो उठला नाही.

परवेझची गोष्ट एका इंग्रजाने सांगितली आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये बुऱ्हाणपुरात त्याच्या दरबारी गेला. नजराण्यात दारूच्या बाटल्यांची एक पेटी होती. शहजादा नंतर निवांत भेटणार होता. पण त्याआधीच त्याने पेटी उघडली, तो प्याला आणि ती निवांत भेट झालीच नाही.

दरबारच्या दारूची अशी बारीकसारीक नोंद झाली, डोंगरातल्या दारूची मात्र नाही. शहराच्या उत्तरेला सातपुडा चढत जातो. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या धूलकोटसारख्या गावांभोवती आज बारेला, भिलाला वस्त्या आहेत, खकनार-नेपानगरकडे कोरकू आहेत, आणि रानात मोह आहे. या डोंगरातली मोहाची दारू कागदावर आली ती बव्हंशी महसुलाची बाब म्हणून. किती गाळली, किती पकडली, मक्ता कितीला गेला, एवढंच तिथे सापडतं. तिची चव कशी होती आणि चांगली-वाईट कोण कशावरून ठरवत होतं, याचा इतिहास मात्र जवळजवळ कोरा आहे. ही मोठी हानी आहे, कारण पारख होती. ती माणसांच्या नाकात, जिभेत आणि हातांत होती.

ती पारख फुलापासूनच सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची पानं झडलेली असतात आणि रात्री उशिरापासून फुलं गळू लागतात. पहाटे बायका-मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. खालचा पालापाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जागा साफ केलेली असते, म्हणजे फुलाला माती लागत नाही. ताजं फूल फिकट पिवळसर, मांसल आणि रसाने टचटचीत असतं. चार-सहा दिवस उन्हात पसरलं की ते तांबूस-तपकिरी होतं, मनुकेसारखं आक्रसतं. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या वर साखरच असते. म्हणून ते भाकरीत मिसळून खाल्लं जातं, उपाशी महिन्यांत पोटाला आधार देतं आणि म्हणूनच ते आंबतंही झपाट्याने. ओलं असताना साठवलं तर बुरशी धरते आणि तो कुबट वास पुढे दारूतून निघत नाही. चांगलं गाळणारी बाई फूल मुठीत दाबून बघते, हुंगते, मगच भिजत घालते.

पाण्यात भिजलेल्या फुलांचा सडवा हवेच्या उष्णतेप्रमाणे तीन-चार दिवसांत किंवा आठवड्याने तयार होतो. बुडबुड्यांचा आवाज मंदावला आणि गोडी जाऊन आंबटपणा पुढे यायच्या बेतात असला की भांडं चुलीवर चढतं. वरच्या भांड्यात गार पाणी. त्याच्या थंड बुडाला वाफ लागते, थेंब होतात आणि ते आतल्या छोट्या भांड्यात पडतात किंवा नळीवाटे बाहेर येतात. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो, पाणी १०० अंशांवर. त्यामुळे आधी येते ती वाफ कडक, आणि जसजसा वेळ जाईल तसतशी ती पाणचट. वरचं पाणी तापलं की बदलायचं. ते किती वेळा बदललं त्यावरून हातात आलेली दारू किती कडक आणि किती पातळ, याचा अंदाज गाळणाऱ्याला असतो. पहिल्या धारेची वेगळी काढायची, शेवटची आंबूस धार कुठे तोडायची ते ठरवायचं. जाळ भडकला तर सडवा करपतो आणि करपट वास थेट दारूत येतो. जाळ मंद पडला तर धार तुटते.

मग परीक्षा. थोडी दारू विस्तवावर शिंपडायची आणि ज्योत बघायची. बाटली हलवायची आणि वर आलेले मणी किती वेळ टिकतात ते बघायचं. दोन थेंब तळहातावर चोळून वास घ्यायचा: आधी मद्याचा झणका, तो उडाल्यावर फुलाचा गोड वास, आणि त्याच्यामागे काही कुबट, करपट उरलंय का. शेवटी जीभ. पहिली धार मात्र आधी जमिनीवर पडते, देवांना आणि पूर्वजांना. लग्न, मयत, सण, होळीच्या आधीचे भगोरिया हाट, पंचायतीतला समेट, असं कोणतंही काम तिच्याशिवाय पुरं होत नसे. चार गावचे पाहुणे जमणार, तेव्हा कोणाच्या घरची दारू कशी आहे याची चर्चा होणारच. वाईट दारू म्हणजे यजमानाची नाचक्की.

ज्योतीची परीक्षा फक्त डोंगरातली नव्हती. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त उसाच्या प्रकरणात दारू गाळण्याच्या तीन रीती दिल्या आहेत आणि दुबार गाळलेल्या दारूला ‘दुआतशा’ म्हटलं आहे. अबुल फजल लिहितो की तिने हात भिजवून आगीजवळ धरला तर निरनिराळ्या रंगांच्या ज्वाळा उठतात, पण हात भाजत नाही. दानियालच्या बंदुकीत भरली होती ती याच जातीची. इंग्लंडातही एके काळी दारू बारुदीवर ओतून पेटवत. दारू जळून गेल्यावर बारूद भडकली तर माल खरा, ओलसर राहिली तर पाणी घातलेलं. ‘प्रूफ’ हे माप तिथून आलं आणि आजच्या हिशेबाने ते साधारण ५७ टक्के मद्यार्काएवढं आहे. १८१६ च्या कायद्याने इंग्लंडात बारथॉलोम्यू साइक्सचा हायड्रोमीटर अधिकृत झाला, तेव्हा पारखणाऱ्या माणसाची जागा पितळेच्या एका तरंगत्या गोळ्याने घेतली.

तोच गोळा हिंदुस्थानात आबकारीबरोबर आला. बुऱ्हाणपूर १८६० च्या सुमारास शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेलं आणि निमाड जिल्ह्याबरोबर मध्य प्रांतात आलं. लगतचा खानदेश मुंबई इलाख्यात होता. सातपुड्याच्या एकाच पट्ट्यात दोन सरकारांच्या दोन रीती सुरू झाल्या. मध्य प्रांतात बराच काळ ‘आउटस्टिल’ पद्धत चालली: एका टापूत भट्टी लावून विकण्याचा हक्क लिलावात जो जास्त बोली देईल त्याला. दारू किती कडक, किती चांगली, याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हतं. मक्त्याची रक्कम वसूल करायची असल्याने मक्तेदाराला जास्तीत जास्त विकायची घाई. मुंबई इलाख्याने १८७८ च्या आबकारी कायद्याने उलटं टोक गाठलं. गावोगावच्या भट्ट्या मोडल्या आणि गाळप मोजक्या मोठ्या भट्ट्यांत आणलं. उरणच्या पारशी मालकांच्या भट्ट्यांत पंचमहालचा मोह येऊन पडू लागला. दारू २५ आणि ६० ‘अंडर प्रूफ’ अशा ठरावीक ताकदींत, म्हणजे साधारण ४३ आणि २३ टक्के मद्यार्काची, दुकानांत जाऊ लागली. त्याने भागेना तेव्हा १८९२ मध्ये खास मोहावरचा कायदा आला. ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावर आणि विकण्यावरच बंधनं घातली गेली. आपल्या रानातलं फूल वेचून घरात ठेवणं हा गुन्हा ठरू शकला.

इथे जे घडलं ते नीट पाहण्यासारखं आहे. ताकद मोजता येते, म्हणून कर ताकदीवर बसला. वास मोजता येत नव्हता, म्हणून तो हिशेबातून गेला. २५ अंडर प्रूफची दारू करपट असो की सुगंधी, तिचा कर एकच. चांगलं गाळण्याला बक्षीस उरलं नाही आणि घरी गाळण्याला शिक्षा आली. पोलिसांच्या भीतीने रात्री, नाल्यात, घाईने गाळलेली दारू कशी होणार? पुढे गूळ स्वस्त मिळू लागला तशी मोहाची जागा काळ्या गुळाने घेतली, आंबवण्याला नवसागर आला, आणि ‘हातभट्टी’ म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं ते तयार झालं. लोकांनी मोहाला नावं ठेवली ती या दारूवरून.

ज्याने चव नोंदवली असा एक माणूस मात्र याच जिल्ह्यातला निघतो. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा निमाडचा सेटलमेंट अधिकारी. सातपुडा त्याने पायाखाली घातला आणि १८७१ मध्ये ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे त्याचं पुस्तक आलं. मोहाची दारू नीट गाळून मुरवली तर ती मुळीच टाकाऊ नसते, काहीशी आयरिश व्हिस्कीसारखी लागते, असं त्याचं मत होतं. साहेबाची जीभ घरच्या चवीशी तुलना करणार हे साहजिक आहे. तरी मुरवण्याचा उल्लेख महत्त्वाचा आहे. ताजी दारू गाळून लगेच विकण्याच्या मक्तेदारी व्यवहारात मुरवायला कोण थांबणार होतं?

दारूची दुसरी बाजूही डोंगरातल्याच लोकांनी मांडली आणि ती झाकून हा इतिहास सांगता येत नाही. तळोद्याजवळच्या मोरवडचे गुलाम महाराज १९३० च्या दशकात दारू सोडा म्हणून सांगू लागले तेव्हा सातपुड्यातल्या भिलांची गर्दी त्यांच्याकडे लोटली. त्यांचा ‘आप’ पंथ १९३८ मध्ये महाराज वारल्यावरही टिकला. त्याआधी १९२२-२३ मध्ये देवीच्या चळवळीने दक्षिण गुजरातेत आणि लगतच्या भागांत हेच मागणं केलं होतं. दारू सोडणं म्हणजे दुकानदार आणि सावकार यांच्या तावडीतून सुटणं, हे त्या लोकांनी ओळखलं होतं. दुकानातल्या दारूवर त्यांचा राग होता आणि तो रास्त होता.

आता जगात दुसरीकडे काय झालं ते बघू. फिकट रंगाची इंग्रजी बिअर, पेल एल, १८२० च्या दशकापासून बर्टनहून मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानात येऊ लागली. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत ती जवळपास विस्मरणात गेली. कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या सिएरा नेवाडा या छोट्या कारखान्याने १९८० मध्ये ती पुन्हा केली, पण ऑरेगॉनमध्ये विकसित केलेली कॅस्केड जातीची हॉप फुलं वापरून. त्या फुलांना पपनसाच्या सालीचा वास होता. युरोपच्या हॉप्सवर वाढलेल्या जिभांना जो रांगडा वाटत होता, त्याच वासावर एक नवा प्रकार उभा राहिला: अमेरिकन पेल एल. २००९ मध्ये डूलालीने पुण्यात छोटी ब्रुअरी सुरू केली आणि ही नवी बिअर-संस्कृती महाराष्ट्रात आली.

या बिअरबरोबर पारखण्याची एक शिस्तही आली. १९८५ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतल्या परीक्षकांच्या संस्थेच्या तक्त्यात ५० गुण असतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकंदर परिणामाला १०. ग्लास नाकाशी नेऊन आधी हुंगायचं, कारण वास पहिल्या काही क्षणांतच स्पष्ट असतो. फेस किती, टिकतो किती; माल्टची पावासारखी गोडी हॉपच्या कडूपणाला तोलते का; घोट उतरल्यावर मागे कोरडं राहतं की चिकट. मग दोष: उकडलेल्या मक्याचा वास, लोण्याचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास. प्रत्येक दोषामागे कारण आहे. उकळी कमी पडली, यीस्टचं काम अर्धवट राहिलं, हवा लागली. म्हणजे चाखणारा बनवणाऱ्याला सांगू शकतो की चूक कुठे झाली. हेच काम डोंगरातली बाई तळहातावर दारू चोळून करत होती: कुबट म्हणजे फूल ओलं साठवलं, करपट म्हणजे जाळ चढला, आंबूस म्हणजे शेवटची धार वेळेवर तोडली नाही. फरक इतकाच की एकीकडे ते छापलं गेलं, शिकवलं गेलं आणि त्यावर धंदा उभा राहिला.

अलीकडे सरकारचं धोरण बदललं आहे. मध्य प्रदेशात घरगुती गाळपाला आदिवासींसाठी सूट होतीच. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा देण्याची घोषणा केली. त्यातून अलीराजपूरची ‘मोंड’ आणि डिंडोरीची ‘मोहुलो’ बचतगटांच्या हातून बाटलीत आली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरची, नेण्यावरची आणि साठवण्यावरची बंधनं उठवली. त्याआधी २०१८ मध्ये ‘डेसमंडजी’ या नावाने मोहाचं मद्य गोव्यात विक्रीला आलं होतं. फुलाला पुन्हा किंमत येऊ लागली आहे.

आता गुणांचा तक्ता लागेल आणि तो बिअरचा उचलून चालणार नाही. पेल एलमध्ये धूर हा दोष आहे. चुलीवर, लाकडाच्या जाळावर गाळलेल्या मोहात हलका धूर अनेकांना हवाच असतो. मग किती धूर चालेल? फुलाच्या वासाला गुण द्यायचे की मुरलेल्या मनुकेच्या वासाला? त्याच हंगामाचं फूल आणि वर्षभर साठवलेलं फूल यांचे दोन वेगळे वर्ग करायचे का? अलीराजपूरचा भिलाला आणि खकनारचा कोरकू यांच्या आवडीत फरक असेल, तर ‘खरी’ चव कोणाची? दिल्ली-मुंबईचे व्यावसायिक चाखणारे ही उत्तरं चटकन देतील आणि बाटल्या त्यांच्या जिभेप्रमाणे घडतील: धूर काढलेल्या, गोडी वाढवलेल्या, व्हिस्कीच्या ओळखीच्या रंगाच्या. फोर्सिथने केली ती तुलना दीडशे वर्षांनी कारखान्यात पक्की होईल. ते टाळायचं तर पहिले परीक्षक धूलकोट-खकनारसारख्या गावांतूनच यायला हवेत. भगोरियाच्या आठवड्यात शेजारच्या घरची दारू हुंगून ती कोणत्या जाळावर आणि कोणत्या फुलाची हे ओळखणारी माणसं तिथे आहेत. त्यांचं म्हणणं लिहून घेण्याचं काम अजून कोणत्याही खात्याच्या यादीत दिसत नाही. ते आबकारीच्या परवान्याइतकंच तातडीचं आहे, कारण ओळखणाऱ्यांत बऱ्याच जणी आता म्हाताऱ्या आहेत आणि त्यांच्या नातवंडांनी पाहिलेली दारू दुकानातली आहे.