वाचनातून प्रार्थनेकडे : मराठी ख्रिस्ती परंपरेतील भाषेचा प्रश्न

प्रार्थना हा अंतःकरणाचा उत्स्फूर्त उद्गार असतो, असे सामान्यतः मानले जाते. ख्रिस्ती परंपरेने मात्र प्रार्थना ही शिकण्याची गोष्ट मानली आणि ती शिकण्याचे साधन म्हणून शास्त्राच्या नित्य वाचनाकडे बोट दाखवले. बाराव्या शतकातील कार्थुसियन मठवासी दुसरा गिगो याने या साधनेच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थनेला त्याची चव लाभते, अशी त्याची प्रतिमा आहे. मराठी वाचकाला येथे श्रवण, मनन, निदिध्यासन ही त्रयी सहज आठवेल. परंतु साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा आहे. गिगोच्या शिडीत मननानंतर एक वेगळी पायरी येते. तेथे वाचक वाचलेल्या शब्दाला उत्तर देतो. संहितेचा श्रोता तिचा संवादक होतो. हे उत्तर कोणत्या भाषेत द्यायचे, हाच मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासातील कळीचा प्रश्न ठरतो.

या प्रश्नाचे पहिले भान फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त दिसते. हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला. त्याचे पुराण 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. जुनी पुराणे काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही, अशी पृच्छा नवख्रिस्ती श्रोता ग्रंथाच्या आरंभी करतो. हा प्रश्न केवळ कथेच्या भुकेचा नाही. पुराणश्रवणाने घडलेल्या मनाला श्रद्धेची लय हवी होती, आणि स्टीफन्स यांनी ती ओवीतून दिली. येथे वाचन सामूहिक आहे. एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे. त्यामुळे प्रार्थनाही समूहाच्या लयीतच रुजते.

एकोणिसाव्या शतकात मुद्रणाने ही स्थिती पालटली. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर येथील छापखान्यातून 1811 मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. पुढे अमेरिकन मराठी मिशनने हे कार्य चालवले. हाती पडलेले छापील पुस्तक एकट्याने, मुक्याने वाचता येते. नारायण वामन टिळक (1861–1919) यांच्या हाती नवा करार आला तो आगगाडीच्या प्रवासात, एका युरोपीय सहप्रवाशाकडून. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र एकांतातील या वाचनाला उत्तर देताना टिळकांनी मिशनची भाषांतरित गद्यभाषा वापरली नाही. ते अभंगाकडे वळले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची धारणा होती. ‘दास’ ही मुद्रा घेऊन येणारे त्यांचे अभंग म्हणजे वाचलेल्या शुभवर्तमानाला वारकरी वळणाने दिलेला प्रतिसाद होय. त्यांचे वाचन परकीय ग्रंथाचे होते, त्यांची प्रार्थना मात्र घरच्या भाषेत झाली.

पंडिता रमाबाई (1858–1922) यांनी याच प्रश्नाला अगदी उलट दिशेने हात घातला. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असून तिच्यातील अनेक संज्ञा हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ सोबत आणतात, अशी त्यांची तक्रार होती. केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांपैकी बहुतेकींना अक्षरओळखच मुळी तेथे झाली. 1905 मध्ये याच सदनात सामूहिक प्रार्थनेची मोठी लाट उसळली. अशा स्त्रियांना स्वतः वाचता येईल, असे शास्त्र हवे म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरवले. ते त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले. टिळकांना जो संस्कार पूल वाटला, तोच रमाबाईंना अडसर वाटला. हा भेद केवळ रुचीचा नाही. टिळकांपुढे परंपरेत मुरलेला वाचक होता. रमाबाईंपुढे त्या परंपरेने ज्यांच्या हाती ग्रंथ दिलाच नाही, अशा वाचक स्त्रिया होत्या.

तरीही ‘सोपी मराठी’ कोणासाठी सोपी, हा प्रश्न उरतोच. खानदेशाच्या पूर्व टोकाला, भुसावळ–खंडवा लोहमार्गावरील रावेरकडे पाहिले म्हणजे तो तीव्रपणे जाणवतो. रावेर–यावल पट्ट्यात लेवा बोली नांदते. पश्चिमेकडे अहिराणीचा आणि त्यापलीकडे भिल्ली बोलींचा प्रदेश लागतो. अशा ठिकाणी ग्रांथिक मराठीतील बायबल वाचणारा माणूस एका अर्थी दुसऱ्याच भाषेत वाचत असतो. सकाळी वाचलेले वचन आणि दिवसभर शेतात, बाजारात, घरात बोललेला शब्द यांत अंतर पडते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) लिहिणे-वाचणे न शिकताही आपल्या बोलीत देवाशी आणि धरित्रीशी बोलू शकल्या, याचे मर्म येथे ध्यानात येते. ग्रंथ वाचूनच प्रार्थना शिकायची, तर ग्रंथाची भाषा वाचकाच्या मुखात येण्याआधी त्याची स्वतःची बोली मुकी होण्याचा धोका असतो.

या धोक्याला परंपरेनेच दिलेले एक उत्तर स्तोत्रसंहितेत सापडते. चौथ्या शतकातील अथनासियस याने मार्सेलिनसला लिहिलेल्या पत्रात स्तोत्रांचे वेगळेपण सांगितले आहे : इतर ग्रंथांतील शब्द वाचक दुसऱ्याचे म्हणून वाचतो, स्तोत्रांचे शब्द मात्र तो स्वतःचे म्हणून उच्चारतो. आधुनिक भाषाविज्ञानात एमिल बेनवेनिस्त यांनी ‘मी’ या सर्वनामाविषयी मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. ‘मी’ला स्वतःचा ठरीव अर्थ नसतो, तो उच्चारणारा त्या क्षणी त्याला अर्थ देतो. स्तोत्रातील ‘मी’ असाच रिकामा राखलेला आहे. रोज वाचणारा माणूस त्यात आपले दुःख, संताप आणि कृतज्ञता घेऊन शिरतो. शब्द जुने असतात, बोलणारा नवा असतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये शास्त्रवाचनाला प्रार्थनेची जोड असावी, असे सांगितले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन 2024) यांच्या ‘सुबोध बायबल’ला 2013 चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार लाभला. स्टीफन्सपासून दिब्रिटोंपर्यंतची ही चार शतके म्हणजे केवळ भाषांतराचा इतिहास नव्हे. परक्या संहितेतील ‘मी’ मराठी माणसाला आपला म्हणून उच्चारता यावा, यासाठी चाललेली ती खटपट आहे. टिळकांनी त्यासाठी छंद दिला, रमाबाईंनी साधे गद्य दिले. बोलींचे देणे मात्र अजून फिटलेले नाही.