दहा बाजूंचा ससा

एका ग्रंथाची दहा हस्तलिखिते हाती यावीत, प्रत्येकात काही पाने गहाळ असावीत आणि त्यांतून एक संहिता सिद्ध करायची असावी, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. संगणकविद्येपुढे तो एका मातीच्या सशाच्या रूपाने उभा राहिला.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय यांनी या सशाची दहा खोलीचित्रे घेतली. छायाचित्राचा प्रत्येक बिंदू रंग सांगतो, खोलीचित्राचा प्रत्येक बिंदू अंतर सांगतो. परंतु समोरून पाहणाऱ्या यंत्राला पाठ दिसत नाही. म्हणून चहूबाजूंनी, हनुवटीखालून, कानामागून पाहणे आले. ही चित्रे परस्परांवर बसवून त्यांच्या कडा शिवण्याची रीत दोघांनी १९९४ साली मांडली. १९९६ साली ब्रायन कर्लेस आणि लेव्हॉय यांनी शिवण टाळली. त्यांनी अवकाशाचे बारीक घन पाडले, प्रत्येक घनात पृष्ठभागापासूनचे अंतर नोंदले आणि सर्व चित्रांच्या साक्षींची भारित सरासरी काढली. तिरकस नजरेच्या साक्षीला वजन कमी. जिथे सरासरी शून्य, तिथे पृष्ठभाग.

हे काम करणाऱ्या स्क्रिप्टला हवी असते एक साधी यादी: प्रत्येक ओळीत एका चित्राचे नाव आणि सात आकडे, तीन सरकवण्याचे, चार फिरवण्याचे. ६९,४५१ त्रिकोणांचा ससा मात्र १९९४च्या शिवणीच्या रीतीने उभा राहिला. त्याच्या बुडाशी पाच भोके तशीच आहेत.

१९९९ साली लेव्हॉय यांच्याच चमूने फ्लॉरेन्समध्ये मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ मोजला. कलेतिहासाच्या ग्रंथांतून त्याची उंची ४३४ सेंटिमीटर अशी उतरत आली होती. ती ५१७ भरली. एका ग्रंथातली चूक दुसऱ्यात कशी उतरते, हे पाठचिकित्सकाला वेगळे सांगायला नको.

तरीही यंत्राची साक्ष निर्णायक मानण्याआधी थांबावे. १९९६च्या रीतीत ‘रिकामे’ आणि ‘न पाहिलेले’ यांत काटेकोर भेद आहे आणि त्या दोहोंच्या सीमेवर पृष्ठभाग कल्पून भोके बुजवण्याची सोयही आहे. साक्षेपी संपादक आपला तर्क कंसात ठेवतो. बुजवलेले भोक मात्र, मुद्दाम खूण केली नाही तर, पाहिलेल्या पृष्ठभागाइतकेच गुळगुळीत दिसते. सशाच्या बुडाची पाच भोके म्हणूनच मला मोलाची वाटतात. जे पाहिले नाही ते पाहिल्याचा आव त्यांत नाही.