दारावरची थाप : लिनक्सने इंटरप्टला शिस्त कशी लावली

१/
१४ ऑक्टोबर २०२३ रोजी अंतरवाली सराटी (जि. जालना) येथे झालेली सभा अनेकांनी घरबसल्या फोनवर थेट पाहिली. असे चित्र आपल्यापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी येते आणि वाटेतल्या बहुतेक सर्व्हरांवर लिनक्स असते. त्याच्या कर्नलने या पॅकेटांचे स्वागत कसे करावे, याचा हा छोटा इतिहास.

२/
पॅकेट आले की नेटवर्क कार्ड प्रोसेसरच्या दारावर थाप मारते आणि प्रोसेसर हातातले काम टाकून उठतो. या थापेला इंटरप्ट म्हणतात. १९५०च्या दशकाअखेरीस एक्स-१ या डच संगणकासाठी अशा थापा हाताळणारा प्रोग्रॅम लिहिताना एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी एकाच गोष्टीचा धसका घेतला होता : थाप केव्हा पडेल याचा नेम नाही, म्हणून एकदा घडलेली चूक मुद्दाम पुन्हा घडवून पाहता येणार नाही.

३/
नेटवर्क वेगवान झाले तसा दुसराच रोग उघड झाला. १९९६ साली जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी तो मोजून दाखवला. पॅकेटे गाळणारा प्रोग्रॅम चालू असताना त्यांच्या राउटरमधून सेकंदाला फार तर २००० पॅकेटे पार होत; आवक ६०००च्या आसपास गेली की एकही बाहेर पडेना. यंत्र बंद पडले नव्हते. उलट अखंड राबत होते! पाहुण्यांना दार उघडण्यातच दिवस जावा आणि चुलीवर काही चढूच नये, तशी ही गत. तिला ‘रिसीव्ह लाइव्हलॉक’ हे नाव पडले.

४/
उपाय ऐकायला सोपा आहे. पहिल्या थापेनंतर इंटरप्ट बंद करायचा, रांग ठरावीक मापाने उपसायची, ती संपली की इंटरप्ट पुन्हा चालू करायचा. २००१ मध्ये जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सेई कुझ्नेत्सोव यांनी ही रीत ‘नॅपी’ या नावाने लिनक्ससाठी मांडली. एका खेपेचे रूढ माप ६४ पॅकेटे.

५/
खरी मेख शेवटच्या पायरीत आहे. रांग रिकामी दिसली आणि इंटरप्ट चालू केला, या दोहोंमधल्या निमिषात पॅकेट आले तर काही कार्डांवर त्याची थाप पडतच नाही. गंमत अशी, की गर्दीत हा दोष लपतो, कारण पुढचे पॅकेट मागच्याला सोडवते. वर्दळ नसताना मात्र एकटे पॅकेट तसेच पडून राहते आणि ‘नेट अडकले’ एवढेच आपल्याला कळते. डाइक्स्ट्रांची भीती ती हीच.

६/
म्हणून अशा कार्डांचे ड्रायव्हर इंटरप्ट चालू केल्यावर रांग पुन्हा एकदा तपासतात. आणि म्हणूनच चांगल्या ड्रायव्हरमधले इंटरप्टचे फंक्शन चार-दोन ओळींचे असते : थाप ओळखा, इंटरप्ट बंद करा, उपशाची खेप लावा, परत फिरा.