पैसे भरायचं दार, पैसे काढायचं दार

दरवर्षी नववीच्या वर्गात मी एक तास बँकेच्या स्लिपांवर घेतो. पैसे भरायची स्लिप, पैसे काढायची स्लिप, अक्षरी रक्कम, सही. शिष्यवृत्तीसाठी मुलांची खाती उघडावी लागतात आणि घरात बहुतेकदा त्यांना हे सांगणारं कुणी नसतं. म्हणून मराठीचा एक तास त्यासाठी ठेवलेला असतो.

अशाच एका वर्गातला मुलगा परवा घरी आला. आता तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. म्हणाला, "सर, माझं खातं बंद पडलंय." त्याच्याबरोबर बँकेत गेलो तेव्हा कळलं की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून खातं गोठवलंय. त्याने कुणा ओळखीच्याला आपलं एटीएम कार्ड आणि सिमकार्ड महिना पाच हजारांवर वापरायला दिलं होतं. ऑनलाइन कॅसिनोत खेळणारे लोक जे पैसे भरत, ते त्याच्या खात्यात येत आणि काही मिनिटांत पुढे जात. दोन महिन्यांत कित्येक लाख रुपये असे येऊन गेले होते. "मी कधीच खेळलो नाही सर," तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "फक्त खातं दिलं."

त्या "फक्त" शब्दाने मला वाचायला बसवलं. जुगाराबद्दल आपण बोलतो ते हरण्या-जिंकण्याबद्दल. पण पैसा आत कसा येतो आणि बाहेर कसा जातो, याचाही एक जुना इतिहास आहे.

इस्लामपूर्व अरबस्तानात मैसिर नावाचा खेळ होता. उंट कापून त्याचे वाटे करायचे आणि दहा बाण झोळीतून एकेक काढायचे. सात बाणांवर वाटे, तीन कोरे. ज्यांना कोरे बाण येत त्यांनी उंटाची किंमत चुकती करायची. जिंकणारे मांस गोरगरिबांत वाटत आणि त्याचा बडेजाव मिरवत. सूरह बकराच्या २१९व्या आयतीत जुगारात लोकांसाठी काही फायदेही आहेत, पण त्याचं पाप फायद्याहून मोठं आहे, असं आलंय. तफसीरकार त्या फायद्यांचा संबंध या वाटपाशीही जोडतात. मैसिर हा शब्द काही भाषाकारांनी 'युस्र' म्हणजे सोपेपणा, या शब्दाशी जोडलाय. कष्टाविना, सोप्यात हाती आलेला पैसा. पण त्या खेळात सगळे एकमेकांना ओळखत होते आणि देणं चारचौघांसमोर चुकवलं जात होतं.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा सरकारी अधिकारी भेटतो. जुगार ठरल्या जागी, त्याच्या देखरेखीखाली. जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच त्याने घ्यायचे, शिवाय फाशांचं भाडं, पाण्याचे आणि जागेचे पैसे वेगळे. वस्तू गहाण ठेवून घ्यायची सोयही तिथेच. म्हणजे खिसा रिकामा झाला तरी पैसे भरायचं दार उघडंच!

बाहेरच्या दाराची गोष्ट इंग्रजांच्या काळात मुंबईत ठरली. कलकत्त्याच्या सरकारी लिलावात अफूला काय भाव येईल, यावर मुंबईचे व्यापारी पैजा लावत. अशाच एका पैजेत हरलेल्याने पैसे दिले नाहीत म्हणून जिंकलेला कोर्टात गेला. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं. १८४८ मध्ये निकाल लागला की अशा पैजेच्या वसुलीचा दावा चालू शकतो. त्याच वर्षी सरकारने कायदा करून ही वाट बंद केली. पुढे १८७२च्या करार कायद्यातल्या कलम ३०ने पैजेचा करारच रद्दबातल ठरवला. घोड्यांच्या शर्यतीतल्या काही बक्षिसांचा अपवाद सोडला, तर जिंकलेले पैसे मागायला कोर्टाची पायरी चढता येत नाही. पैसे काढायच्या दाराची किल्ली तेव्हापासून फक्त समोरच्याच्या मर्जीवर राहिली.

मुंबईचा मटका याच मर्जीवर चालला. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या आकड्यांवर पैसे लागत. ते आकडे बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, पाठोपाठ १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला. गिरणगावातला कामगार नाक्यावरच्या माणसाकडे रोख द्यायचा आणि चिठ्ठी घ्यायचा. आकडा लागला तर पैसे मिळत, कारण एकदा बुडवलं की दुसऱ्या दिवशी कुणी फिरकलं नसतं. पण हिशेब बघा. शून्य ते नऊ असे दहा आकडे, आणि लागलेल्या आकड्याला रुपयाला नऊ. जोड्या शंभर, आणि भाव रुपयाला नव्वद. म्हणजे सचोटीने दिले तरी दर शंभर रुपयांमागे दहा मालकाचे. कौटिल्याच्या पाचाची दुप्पट.

इंटरनेट आलं आणि नाक्यावरचा माणूसच नाहीसा झाला. १९९४ मध्ये अँटिग्वा आणि बार्बुडा या चिमुकल्या कॅरिबियन देशाने परवाने देण्याचा कायदा केला. कॅसिनो बेटावर, खेळणारा अमेरिकेत घरी बसलेला, मधे क्रेडिट कार्ड. बेटावरच्या मालकाला पकडणं अवघड, म्हणून अमेरिकेने २००६ मध्ये पैशाची वाटच धरली. बेकायदा ऑनलाइन जुगाराचे पैसे बँकांनी आणि कार्ड कंपन्यांनी पुढे सरकवायचे नाहीत, असा कायदा आला. जानेवारी २००७ मध्ये नेटेलर या ऑनलाइन पाकीट कंपनीच्या दोन संस्थापकांना अटक झाली, कंपनी अमेरिकेतून बाहेर पडली आणि तिथल्या ग्राहकांचे पैसे कित्येक महिने अडकले.

तरी आतलं दार बंद झालं नाही, त्याने फक्त वेश बदलला. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारी वकिलांनी तीन मोठ्या ऑनलाइन पोकर कंपन्यांवर आरोप ठेवले. त्यात म्हटलं होतं की जुगाराचा भरणा दागिने आणि गोल्फचे चेंडू यांची विक्री म्हणून बँकांना दाखवला जात होता. त्यातल्या फुल टिल्ट या कंपनीचा हिशेब पुढे उघड झाला. जगभरच्या खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणं होतं आणि बँकेत होते जेमतेम ६ कोटी. खेळाडूंना पडद्यावर आपली शिल्लक रोज पूर्ण दिसत होती. अमेरिकेतल्या खेळाडूंना परतावा मिळायला २०१४ उजाडलं.

मला सगळ्यात जास्त थांबवलं ते याने. आपल्या पासबुकातल्या आकड्यामागे बँक आणि कायदा उभा असतो. त्या पडद्यावरच्या आकड्यामागे कुणीच नव्हतं.

आजच्या कॅसिनोंतही रीत तीच दिसते. भरायला मिनिटभर पुरतं, ओळखपत्र कुणी विचारत नाही. काढायला गेलात की आधार, पॅन, फोटो, 'तपासणी सुरू आहे'. बोनस घेतला असेल तर त्याच्या कित्येक पट रक्कम खेळल्याशिवाय काहीच काढता येत नाही, आणि तेवढं खेळेपर्यंत काढायला फारसं उरत नाही.

आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि भरणा चहाचे पैसे देण्याइतका सोपा झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात बँकांनाही अशा व्यवहारांना मनाई आहे. कॅसिनोच्या नावाने पैसे घेता येत नसले की कुणाचं तरी साधं खातं लागतं. गोल्फच्या चेंडूंची जागा आता आपल्या पोरांच्या बचत खात्यांनी घेतली आहे. गरिबाचं खातं, ज्यात कधी दहा हजारही नसतात, ते भाड्याने मिळतं. कॅसिनोचा मालक कुठे बसलाय ते कुणाला माहीत नाही. कागदावर नाव या मुलाचं.

त्याच्या गोठलेल्या खात्यात बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले एकवीस हजारही आहेत. त्याची अम्मी मला म्हणाली, "सर, खातं तर तुम्हीच उघडून दिलं होतं ना?" तक्रारीचा सूर नव्हता, पण मला उत्तर सुचलं नाही. स्लिप कशी भरायची ते मी शिकवलं. खातं म्हणजे अमानत आहे, आपल्या नावाची, ती भाड्याने देता येत नाही, हे सांगायचं राहून गेलं. जो पैसा आपल्या नावावरून जातो त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो, इथेही आणि तिथेही.

पुढच्या आठवड्यात त्याच्याबरोबर जबाब द्यायला जायचंय. वकील म्हणतात, वेळ लागेल. तुमच्या घरात कुणी कार्ड किंवा सिम असं दिलं असेल तर आजच बँकेला लेखी कळवा, दोन्ही बंद करा, आणि पोलिसांकडे स्वतःहून जा. यंदाच्या नववीला मी स्लिपांसाठी दोन तास ठेवलेत.